नऊ दिवस उतार, एक दिवस चढ

पनवेल स्टेशनवर दिल्लीची गाडी यायला अजून वीसेक मिनिटं होती आणि माझ्या गळ्यात दोन बूट लटकत होते. बूट साधे नव्हते, बर्फावर घसरण्यासाठी घालतात ते, स्कीचे. कडक प्लास्टिकचे, अर्ध्या नडगीपर्यंत येणारे, प्रत्येकाला चार-चार बकलं. कुठल्याच पिशवीत मावेनात म्हणून पट्ट्याने एकमेकांना बांधून गळ्यात अडकवले होते. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा ते बराच वेळ निरखत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"पाय कोनाचा मोडला हाय?"

"कुणाचा नाही, आजोबा. बर्फात घालायचे आहेत."

"मंग मोडंल," ते शांतपणे म्हणाले आणि पेपरात डोकं घालून बसले.

मी ओव्याचा. खारघरच्या इमारतींच्या कडेला आमचं गाव आहे आणि नोकरी न्हावा शेवा बंदरात माल सोडवणाऱ्या एका कचेरीत. बर्फाशी आमच्या घराण्याचा संबंध म्हणजे मासळीच्या पेटीपुरता. हे वेड मला लावलं नझीरने. नझीर आणि मी पनवेलच्या शाळेत पाचवीपासून एका बाकावर बसलेले. तो आता दुबईत एका गोदामाचा मॅनेजर आहे. तिथे एका मॉलमध्ये छताखाली बर्फाचा उतार केलाय, त्यावर हा पठ्ठ्या दर शुक्रवारी स्की शिकला. वाळवंटात बर्फ आणि त्यावर पनवेलचा नझीर, हे ऐकून मी आधी पोट धरून हसलो. मग त्याच्या रजेत आम्ही दोघं गुलमर्गला गेलो, मीही शिकलो, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात दहा दिवस तिकडे जायचं ठरून गेलं.

गेल्या हिवाळ्यात मात्र माझ्यामुळे घोटाळा झाला. रोज आम्ही गोंडोलाने (तारेवरून डोंगरावर नेणारा पाळणा) वर जायचो आणि घसरत खाली यायचो. शेवटच्या दिवशी पाळणा सोडून स्वतःच्या पायांनी एका खिंडीपर्यंत चढायचं ठरलं होतं. याला टूरिंग म्हणतात. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. वर पोचल्यावर पट्ट्या काढायच्या आणि कोणी न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचं. माझे बूट भाड्याचे होते. तासाभरात दोन्ही टाचांची सालं निघाली आणि मी बर्फात बसकण मारली. नझीर लगेच माझ्याबरोबर परत फिरला.

ते मला फार लागलं. यंदाची त्याची हिवाळी रजा शेवटची होती. जूनपासून तो बायकोमुलांना दुबईला नेणार होता, आणि मुलांची शाळा तिकडे म्हटल्यावर पुढच्या रजा उन्हाळ्यातच. म्हणजे खिंड यंदा झाली तर झाली, नाहीतर राहिलीच. वर्षभर दर दोन फोनांमागे मी त्याची माफी मागत होतो आणि तो दर वेळी "चालतंय रे" म्हणत होता.

म्हणून यंदा स्वतःचे बूट घ्यायचे ठरवले. त्यात मोठी मेख होती. घसरताना बूट जितका ताठ तितकी स्की ताब्यात राहते. चढताना मात्र तो हलका हवा आणि घोट्यात वाकायला हवा. एकाच जोडाने दोन्ही कामं करायची तर घोट्यामागे खटका असलेले बूट शोधावे लागतात. खटका उघडला की घोटा पुढेमागे हलतो, बंद केला की बूट खांबासारखा ताठ. असे बूट आपल्याकडे कुठले मिळायला? नझीर म्हणाला, "तू फक्त माप पाठव, बाकी माझ्यावर सोड."

आखातातून बूट-चपला मागवायची आमच्या भागात एक रीत आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पाय ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि रजा संपवून निघालेल्या कुणाच्या तरी हाती तो कागद द्यायचा. मीही तेच केलं. आई बाजूला उभी होतीच.

"मोजं घालून काढ रं," ती म्हणाली. "आनि येक नंबर मोठाच सांग. सैल झाला तं कापूस कोंबता येतो. घट्ट झाला तं काय पाय कापनार हाय?"

मी जाड मोजा घालून पाय आखला आणि खाली लिहिलं, "एक नंबर मोठा घे." दोन महिन्यांनी नझीरच्या चुलतभावाबरोबर बूट आले. मी ते घालून घरभर फिरलो. पाय आत कसा अगदी मोकळा! आई दारातून बघून समाधानाने हसली.

गाडीत आईने दिलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी सोडली तेव्हा समोर बसलेल्या, कोट्याला निघालेल्या शेठजींनी हळूच खिडकी उघडली. पण माणूस दिलदार निघाला. संध्याकाळी त्यांनी मला आग्रहाने कचोरी खाऊ घातली आणि माझे बूट मांडीवर घेऊन फोटोही काढून घेतला. दिल्लीला नझीर विमानतळावर भेटला. खजुराचे दोन डबे माझ्या हातात कोंबून त्याने आधी बुटांकडे पाहिलं.

"कसे हायत?"

"एकदम आरामशीर."

"बोललो ना तुला! सगळी दुकानं पालथी घातली रे, खुदा कसम."

श्रीनगरला उतरलो तेव्हा हवेत लाकडाच्या धुराचा वास होता. वाटेवर सफेद्याची निष्पर्ण झाडं रांगेने उभी होती आणि त्यांच्यामागे भाताची शेतं बर्फाखाली झोपली होती. बांध तेवढे दिसत होते, त्यामुळे ती भातशेती आहे हे मला लगेच कळलं. टंगमर्गला ड्रायव्हरने गाडीच्या चाकांना साखळ्या चढवल्या. तेवढ्यात आम्ही नून चाय (मीठ घातलेला गुलाबी चहा) प्यायलो. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्या घोटाला दुसरा पेला मागावासा वाटतो. त्याबरोबर गिर्दा (तंदुरातली गोल रोटी) असली तर स्वर्गच. अंधार पडायच्या आत गुलमर्ग गाठलं.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. गोंडोलाने वर गेलो, बकलं आवळली आणि मी रुबाबात निघालो. पहिल्याच वळणावर मी डावीकडे वळलो, माझा पायही डावीकडे वळला, बूट मात्र सरळ गेला. मी तोंडावर आपटलो. उठलो, बकलं आणखी आवळली, पुन्हा आपटलो. बुटात माझा पाय डब्यातल्या शेंगदाण्यासारखा खुळखुळत होता. टाच वर उचलली जात होती, बोटं पुढे आदळत होती.

"नाचता येईना अंगण वाकडं!" नझीर वरून ओरडला.

पण संध्याकाळी त्याने माझ्या अंगठ्याचं निळं पडलेलं नख पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

"हऱ्या, मापाची कायतरी गडबड झाली रे."

"मी मोजा घालून आखला होता."

"तूच लिवलं होतं ना, एक नंबर मोठा घे म्हणून?"

"मग तू तेवढाच घेतलास ना?"

नझीर हळूच म्हणाला, "वर अर्धा नंबर मी घेतला. बर्फात थंडीने पाय फुगतात असं माझ्या मामूने सांगितलं होतं."

मामू उरणला सुक्या मासळीचा धंदा करतात. त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो फोडून मासळीवर घालायचा. चूक नक्की कुणाची यावर राजमा-भात संपेपर्यंत आमचं भांडण चाललं. पण भांडून बूट लहान होणार नव्हते. खिंडीचा दिवस आठवडाभरावर आला होता. पुन्हा माझ्या पायांमुळे नझीर परत फिरला असता तर मी त्याला तोंड दाखवू शकलो नसतो.

हॉटेलच्या स्वयंपाक्याने पत्ता दिला: बाजाराच्या टोकाला रशीदचाचांचं दुकान. परदेशी पाहुणे जाताना जे सामान मागे ठेवून जातात ते चाचा दुरुस्त करतात आणि गरजूंना देतात. सकाळी आम्ही गेलो तेव्हा चाचा फेरन (ढगळ लोकरी अंगरखा) घालून आत कांगरी (विस्तवाचं मडकं बसवलेली वेताची टोपली) सांभाळत बसले होते. छतापर्यंत बूटच बूट. ते उर्दूत बोलत होते, मी इथे मराठीत देतो.

त्यांनी माझ्या बुटातलं आतलं मऊ अस्तर उपसून बाहेर काढलं. मग मला नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेमागे हात घातला.

"मागे माझी दोन बोटं मावली तर बूट तुमचा," ते म्हणाले. "इथे तर माझा सगळा पंजाच आत राहायला आलाय."

मग त्यांनी मोजे काढायला लावून माझा पाय लाकडी पट्टीवर ठेवला. स्की बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. माझी भरली सव्वीस. बुटांवर लिहिलं होतं साडेअठ्ठावीस. एक मोज्याचा आणि पेन्सिलीचा, एक आईचा आणि अर्धा मामूंचा, असा चोख हिशेब लागला. सगळ्यांनी प्रेमाने थोडं थोडं वाढवलं होतं.

चाचा माझा पाय सोडायला तयार नव्हते. चवड्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "लांबी कमी, रुंदी जास्त. हा पाय चिखलात वाढलाय."

मी चमकलो. लहानपणी खाडीकाठच्या भातशेतात आम्ही अनवाणीच असायचो. गुडघाभर चिखलात बोटं रोवून चालायचं, नाहीतर पाय घसरतो. मी हे सांगितल्यावर चाचांनी आपलं पाऊल पुढे केलं. चवडा पसरट, बोटं फाकलेली. त्यांचीही भातशेती होती. इतक्या लांब येऊन आमच्या ओव्याचा पाय भेटला याचा मला मनापासून आनंद झाला.

त्यांनी तीन जोड पुढ्यात मांडले. पहिला शर्यतीचा, दगडासारखा ताठ, खटका नसलेला. दुसरा नुसता चढाईचा, इतका हलका की मला हातात धरूनच प्रेम बसलं. तिसरा मधला: खटका होता, पण दुसऱ्यापेक्षा चांगलाच जड. मी दुसऱ्याला कवटाळून बसलो.

"बर्फात किती दिवस असता?" चाचांनी विचारलं.

"दहा."

"त्यात चालून चढता किती दिवस?"

"एक."

"म्हणजे नऊ दिवस पाळण्याने वर जाऊन घसरायचं आणि बूट एका दिवसाचा घ्यायचा? नऊ दिवस जे करता त्याचा बूट घ्या. दहाव्या दिवशी जरा सब्र करा."

"चाचा, तो एकच दिवस महत्त्वाचा आहे," मी नझीरकडे न बघता म्हणालो. "गेल्या वर्षी माझ्यामुळे हा परत फिरला. यंदा याला वर न्यायचंच आहे."

"वर न्याल हो. पण खाली तुम्हालाच यायचंय ना? थकल्या पायांनी, खोल बर्फात? या हलक्या बुटात तिथे स्वतःला सांभाळण्याएवढे तुम्ही अजून पक्के नाही."

ते खरं होतं. नझीर खिडकीबाहेर बघत उभा होता. एरवी तो दर वाक्यात तोंड घालतो.

तिसऱ्या जोडाची परीक्षा सुरू झाली. एकच मोजा, तोही पातळ. बकलं लावून सरळ उभा राहिलो तर बोटं पुढे टेकली. मी "घट्ट" म्हणून ओरडणार तोच चाचांनी गुडघे वाकवायला सांगितले, आणि बोटं आपोआप मागे सरकून सुटी झाली. टाच मात्र जागची हलेना. चाचांनी नून चाय मागवला आणि नियम सांगितला: चहा आणि गिर्दा संपेपर्यंत बूट काढायचे नाहीत, बसायचंही नाही. दुकानात दोन मिनिटं सुखावणारा बूट डोंगरावर दोन तासांत रडवतो, आणि दोन मिनिटं आवळणारा अर्ध्या तासाने मऊ होतो. मला करंगळीपाशी कळ येऊ लागली तशी त्यांनी तिथे खडूने खूण केली. मग बूट काढून कवच तिथे गरम केलं, शिकंज्यात धरून आतून दाबलं आणि चिखलातल्या पायाला जागा करून दिली. शेवटी खटका उघडून मला दुकानाच्या बर्फाळ पायऱ्या वीस वेळा चढायला लावल्या. बूट जड होता, पण टाच घासत नव्हती.

निघताना त्यांनी बुटाचा तळही आमच्या स्कीच्या पकडीत (बूट स्कीला धरून ठेवणारा चाप) बसवून बघितला. चढाईच्या काही बुटांचा तळ रबरी आणि गोलसर असतो. साध्या पकडीत तो नीट बसत नाही आणि पडताना स्की वेळेवर सुटत नाही, मग गुडघा जातो. हे दुबईच्या बुटांच्या वेळी आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ते बूट चाचांनी ठेवून घेतले. एखादा उंच पाहुणा त्यात खूश होईल म्हणाले.

पुढचा आठवडाभर मी वळलो की बूट वळायचा. एवढी साधी गोष्ट, पण मला शाळेत सायकल यायला लागली तेव्हाइतका आनंद झाला.

खिंडीच्या दिवशी पहाटे आमचा वाटाड्या इम्तियाज बर्फ तपासून आला आणि त्याने हिरवा कंदील दाखवला. देवदारांच्या सावलीतून आम्ही निघालो. स्की सरकल्याचा सर्रसर्र आवाज आणि आमचे श्वास, एवढंच ऐकू येत होतं. बूट जड आहेत हे मांड्यांना तासाभरात कळलं. मी सब्र केला. गेल्या वर्षी जिथे बसलो होतो ती जागा आली तेव्हा मुद्दाम थांबून टाचा हलवून पाहिल्या. दोन्ही शाबूत होत्या. मागे वळून नझीरला अंगठा दाखवला. त्याने मान हलवली, पण हसला नाही. पुढे एका अरुंद तिरप्या चढावर तो माझ्या स्कीच्या मागच्या टोकाला स्की लावून चालत होता. मला वाटलं त्याला घाई झालीय, म्हणून मी वेग वाढवला.

बाराच्या सुमाराला आम्ही खिंडीत पोचलो. पलीकडे शिखरांच्या रांगाच रांगा उन्हात तळपत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी नझीरच्या गळ्यात पडलो आणि म्हणालो, "फिटलं बाबा एकदाचं. गेल्या वर्षीचं फिटलं."

नझीर स्कीवरच खाली बसला.

"हऱ्या, एक सांगू? मारशील मला."

"बोल."

"गेल्या साली तू बसलास ना, तेव्हा मी अल्लाचे शुक्र मानले. तो तिरपा चढ खालून बघून माझी हवा टाइट झाली होती. उतारावर मला काय नाय वाटत, पण असं चढताना खाली बघितलं का गरगरतं. परत कसं फिरायचं तेच शोधत होतो मी. तेवढ्यात तुझ्या टाचा गेल्या."

"आणि मी वर्षभर माफी मागत होतो ती?"

"म्हणून तर बोलत होतो ना, चालतंय रे."

"मग आज का आलास? तेव्हाच सांगायचं!"

"कसं सांगणार? तू कागदावर पाय आखलास, त्या चाचाकडे वीस वेळा पायऱ्या चढलास. तुला मला वर न्यायचं होतं. तुझ्या तोंडाकडे बघून नाय म्हणवेना."

मी बर्फाचा गोळा करून त्याच्या डोक्यात हाणला. मग दोघंही इतके हसलो की इम्तियाजला वाटलं उंचीची बाधा झाली. त्या हसण्यात मला एक गोष्ट कळली. खिंडीची हौस मलाही फारशी नव्हती. मला फक्त भरपाई करायची होती. मी त्याच्यासाठी चढलो, तो माझ्यासाठी, आणि वरची जागा इतकी सुंदर होती की दोघांनाही आता ती सोडवेना.

उतरताना आनंदाच्या भरात मी एका बुटाचा खटका बंद करायला विसरलो आणि पहिल्याच वळणावर कंबरेपर्यंत बर्फात गाडला गेलो. बाकी उतार मात्र नजर लागण्यासारखा झाला. थकल्या पायांना त्या जड बुटांनी सांभाळून घेतलं. नझीर तर उतारावर पुन्हा पहिल्यासारखा वाघ होता. तो माझ्यापुढे गात गात चालला होता आणि मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. असा हिवाळा पुन्हा नाही, या विचाराने मला मधेच भरून आलं.

पनवेलला परतून आता बरेच दिवस झालेत. कचेरीतल्या दोघा-तिघांना स्कीची हौस आली आहे आणि ते बुटांबद्दल विचारायला येतात. मी सगळं सांगतो: माप अनवाणी पायाचं घ्या, टाचेमागे दोन बोटं जाऊ द्या, नऊ दिवस जे करणार त्याचा बूट घ्या, चहा संपेपर्यंत उभे राहा. ते लिहून घेतात. उठताना मी त्यांना थांबवतो आणि आणखी एक सांगतो. दुकानात जायच्या आधी सोबत्याला एकदा नीट विचारून घ्या, त्याला वर जायचंय ना. आणि तो "चालतंय रे" म्हणाला, तर पुन्हा विचारा.